नाव गावाकडे, खोली नवी पेठेत : पुण्यातल्या तरुण मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की मी नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या जिन्याखाली टेबल टाकून बसते. कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा, दोन पेनं, एक डिंकाची बाटली. मुलं वाचून दमली की चहाला खाली उतरतात आणि टेबलापाशी थबकतात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदा लिहून काढले. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवलेत.

ताई, मी बीडचा. इथे कॉट बेसिसवर राहतो. नाव कुठे ठेवू, तिकडे की इकडे?

टेबलावर सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर तुमचं तुम्हीच द्यायचं आहे. कायद्यात ‘सर्वसाधारण रहिवासी’ असा शब्द आहे. तुम्ही जिथे राहता तिथे नाव लागतं. विद्यार्थ्यांना मात्र सवलत आहे. मान्यताप्राप्त संस्थेत किमान वर्षभराचा अभ्यासक्रम करत असाल, तर नाव आई-वडिलांच्या पत्त्यावर ठेवा किंवा हॉस्टेलच्या. हॉस्टेलचा पत्ता घेतलात तर प्राचार्य किंवा कुलसचिवांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. स्पर्धा परीक्षेचा खासगी क्लास या सवलतीत बसत नाही. पण खरोखर इथेच राहत असाल तर कुठल्याही भाडेकरूसारखं राहत्या पत्त्यावर नाव लावता येतं.

दोन्हीकडे नाव मात्र ठेवायचं नाही. तो गुन्हा आहे. खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

घोळ नेमका इथे होतो. गावाकडे नाव असलेला मुलगा पुण्यात येतो आणि नवा मतदार म्हणून फॉर्म ६ भरतो. त्याने भरायला हवा फॉर्म ८. पत्ता बदलणं, नावातली चूक दुरुस्त करणं, हरवलेलं कार्ड पुन्हा मागणं, हे सगळं २०२२ पासून याच एका फॉर्मवर होतं. फॉर्म ६ फक्त आयुष्यात पहिल्यांदा नाव लावणाऱ्यांसाठी. फॉर्म ७ नाव कमी करण्यासाठी किंवा कुणाच्या नावावर हरकत घेण्यासाठी. एवढं पाठ झालं की माझं निम्मं काम संपतं.

आता माझं मत, कारण तेही विचारलंच जातं. वर्ष-सहा महिन्यांत परीक्षा देऊन परत जाणार असाल तर नाव गावाकडेच असू द्या. पण चार-चार वर्षं इथलं पाणी, इथले खड्डे आणि इथली मेस सोसत असाल, तर इथल्या नगरसेवकाला तुमची भीती का वाटू नये?

घरमालक भाडेकरार देत नाहीत. मग पत्त्याचा पुरावा कुठून आणू?

पुण्यातल्या घरमालकांबद्दल नवीन काय सांगणार! ‘नाव लावलंत की खोली सोडणार नाही तुम्ही,’ असं तोंडावर ऐकवणारे मालक मी स्वतः पाहिलेत. मतदार यादीत नाव आल्याने खोलीवर कसलाही हक्क येत नाही, हे त्यांना समजावून बघा. पटलं तर विजेच्या बिलाची प्रत मिळेल. नाही पटलं तर आधारवर पुण्याचा पत्ता करून घ्या, नाहीतर बँकेच्या किंवा पोस्टाच्या पासबुकावर. यातलं काहीच नसलं तरी अर्ज नाकारता येत नाही. बीएलओने, म्हणजे तुमच्या बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, प्रत्यक्ष येऊन खात्री करायची असते. बीएलओ बहुतेकदा एखाद्या शाळेचे शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात आणि आपलं काम सांभाळून दारोदार फिरतात. ते येतील त्या दिवशी खोलीला कुलूप असलं की अर्ज अडकलाच. फॉर्मवर चालू मोबाइल नंबर लिहा आणि अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचला.

मला ऑगस्टमध्ये १८ पूर्ण झाली, नावही लावलं. तरी महापालिकेला मत देता आलं नाही. असं कसं?

बरोबर आहे, आणि राग येणंही बरोबर आहे. आता वर्षातून चार वेळा पात्रतेची तारीख असते : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. ही झाली भारत निवडणूक आयोगाची यादी. महापालिकेची निवडणूक घेतो राज्य निवडणूक आयोग. त्याची स्वतःची यादी नसते. तो विधानसभेची यादी एका ठरावीक दिवशीची उचलतो आणि प्रभागांत फोडतो. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी तो दिवस होता १ जुलै २०२५. त्यानंतर अठरा झालेल्यांच्या हातात कार्ड असूनही प्रभागाच्या यादीत नाव नव्हतं.

लोकसभा-विधानसभेलाही शेवटच्या आठवड्यातली धावपळ कामी येत नाही. उमेदवारी अर्जांची मुदत संपायच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेले अर्जच धरले जातात. गल्लीत प्रचाराचा भोंगा वाजू लागला म्हणजे तुमची गाडी सुटलेली असते.

मी पुण्यात राहते, मग माझा मतदारसंघ बारामती कसा?

कारण तुम्ही धायरीत किंवा नऱ्ह्यात राहता. पुणे लोकसभेत सहाच विधानसभा मतदारसंघ आहेत : वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ. खडकवासला मतदारसंघ बारामतीत जातो, हडपसर शिरूरमध्ये. हिंजवडीत राहत असाल तर तुमची विधानसभा भोर आणि लोकसभा पुन्हा बारामती. वर तिथे नगरसेवकही नाही, ग्रामपंचायत आहे.

२०२४ मध्ये यावरून जी गंमत झाली ती अजून आठवते. बारामतीचं मतदान ७ मे रोजी होतं, पुण्याचं १३ मे रोजी. सिंहगड रस्त्यावरचा एक मुलगा १३ तारखेला सकाळी आंघोळ करून, नवा शर्ट घालून मतदान केंद्र शोधत टेबलापाशी आला. त्याच्या बूथवरची शाई सहा दिवसांपूर्वीच वाळली होती. ‘पण पेपरात पुणे तेरा तारीखच होती ना हो ताई,’ एवढंच तो म्हणाला आणि समोरच्या टपरीवर जाऊन बसला.

तेव्हा कार्डावरच्या मतदारसंघाचं नाव वाचा. शहराच्या नावावर जाऊ नका.

पुण्याची पोरं मतदानाला उतरतच नाहीत, हे खरं का?

अर्धं खरं. पुणे लोकसभेत २०१९ मध्ये मतदान ५० टक्क्यांच्या आतच राहिलं, २०२४ मध्ये ते साडेत्रेपन्नच्या आसपास गेलं. त्याच २०१९ मध्ये देशभरात ६७ टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं होतं. आकडा लाजिरवाणा आहे, यात वाद नाही. पण त्याचं सगळं बिल तरुणांच्या नावावर फाडणं मला पटत नाही. मतदानाला सुट्टी जोडून लोणावळ्याला जाणारी मंडळी काही अठरा वर्षांची नसतात.

शिवाय टक्केवारी निघते ती यादीत नाव असलेल्यांची. ज्यांचं नावच नाही ते या हिशेबात येत नाहीत. २०२४ च्या लोकसभेआधी आयोगाने सांगितलेल्या आकड्यांनुसार देशात सुमारे ९७ कोटी मतदार होते आणि त्यात १८-१९ वयाचे १.८ कोटींच्या थोडे वर. या वयाची मुलं देशात याच्या दुपटीहून जास्त आहेत. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलं शर्यत सुरू व्हायच्या आधीच बाहेर. हेच वय पुढे सरकून विशीत गेलं की नावं लागतात; वीस ते एकोणतीसचे मतदार १९ कोटींहून जास्त होते.

पुण्यात याला आणखी एक पदर आहे. इथे शिकायला, नोकरीला, एमपीएससीला आलेल्या मुलांची नावं लातूर, नांदेड, सोलापूर, जळगावात असतात. ज्याचं नाव पुण्यात नाही त्याला इथलं मत देता येत नाही. आणि ज्याचं नाव गावाकडे आहे त्याला दीड दिवस, एसटीचं किंवा ट्रॅव्हल्सचं भाडं आणि क्लासच्या दोन टेस्ट मोजून मत द्यावं लागतं. यातले कितीतरी जण जातात. विधानसभेच्या आदल्या रात्री स्वारगेटला उभं राहून बघा. अशा पोरांना उदासीन म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आणि इथल्या व्यवस्थेने या पिढीला काय दाखवलं तेही बघा. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले चालत राहिले आणि जवळपास चार वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने दट्ट्या दिला तेव्हा निवडणूक लागली. मधल्या काळात २९ मार्च २०२३ रोजी खासदार गिरीश बापट यांचं निधन झालं आणि पोटनिवडणूक झालीच नाही. ती घ्या, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, त्यालाही स्थगिती मिळाली. म्हणजे २०२२ मध्ये अठरा वर्षांची झालेली मुलगी जवळपास बावीस वर्षांची झाली तेव्हा तिला पहिल्यांदा नगरसेवक निवडता आला. त्यातलं वर्षभराहून जास्त तिला खासदारही नव्हता.

महापालिकेला चार मतं द्यायची असतात का? मी एकच बटण दाबलं होतं.

चार द्यायची असतात. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ जागा आहेत. एक प्रभाग पाच जणांचा, बाकी सगळे चारचे. चारच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा. मतपत्रिकांचे रंग वेगळे : पांढरा, फिकट गुलाबी, फिकट पिवळा, फिकट निळा. प्रत्येक रंगात एक बटण. कोणी पसंत नसेल तर त्या रंगातला नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’, पण जागा रिकामी सोडून चालत नाही. चारही झाली की मगच लांब बीप वाजते.

१५ जानेवारीला माझ्या पुढे एक मुलगी होती, कॉलेजच्या स्वेटशर्टात. आत गेली, एक बटण दाबून लगेच वळली. मतदान अधिकारी मॅडम खुर्चीतूनच म्हणाल्या, ‘अगं बाळा, अजून तीन राहिलीत.’ ती परत गेली. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. रांगेतले आजोबा काठी आपटू लागले. शेवटी बीप वाजली. बाहेर आल्यावर मैत्रिणीला सांगत होती, ‘तीन जणांची नावं पहिल्यांदाच वाचली गं मी.’

ती खरं बोलत होती. चारच्या प्रभागात लोक एका चेहऱ्याला ओळखतात आणि उरलेली तीन बटणं चिन्ह बघून दाबतात. पक्षांना ते सोयीचं असतं. खड्डा बुजवायची वेळ आली की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, हा त्याचाच पुढचा भाग.

नोटा दाबून काय होतं?

लोकसभा-विधानसभेत फारसं काही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर हा पर्याय आला. मतं मोजली जातात, जाहीर होतात. नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी उमेदवारांतला पहिलाच निवडून येतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत मात्र राज्य निवडणूक आयोगाचा २०१८ चा आदेश आहे : नोटा पहिल्या क्रमांकावर आला तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची.

मतदार कार्ड नाही, कॉलेजचं आयकार्ड चालेल?

नाही. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक चालतं. पण आधी यादीत नाव हवं. कार्ड हातात आहे आणि यादीत नाव नाही, अशी तऱ्हा दर निवडणुकीत होते. २०१९ मध्ये माझीच झाली. पेठेतून कोथरूडला राहायला आले, अर्ज दिला, पोचही मिळाली. मी निर्धास्त राहिले, यादी बघितलीच नाही. मतदानाच्या दिवशी नाव जुन्या याद्यांत नव्हतं आणि नव्यांतही नव्हतं. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी बाई शाई न लागता घरी परतली. तेव्हापासून यादी आधी बघायची. निवडणूक आयोगाच्या ॲपवर नाव शोधा, नाहीतर १९५० वर फोन करा.

बूथवर गेलो तर माझ्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलेलं. मी परत आलो.

परत यायचं नव्हतं. केंद्राध्यक्षांना ओळखपत्र दाखवा आणि ‘प्रदत्त मत’ मागा. तुमची ओळख पटली तर कागदी मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण न्यायालयात निवडणुकीला आव्हान दिलं गेलं तर ते पुरावा ठरू शकतं.

मी कोणाला मत दिलं ते गावात कळतं का? चुलते म्हणतात, आम्हाला सगळं कळतं.

तुमचं एकट्याचं मत कळत नाही. मतदान यंत्राशेजारच्या व्हीव्हीपॅटमधली चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि डब्यात पडते. त्यावर तुमचं नाव नसतं.

पण चुलते अगदीच थापा मारत नाहीत. निकालानंतर बूथनिहाय आकडे जाहीर होतात. लहान वाडीला एकच बूथ असेल तर अख्ख्या वाडीने काय केलं ते समजतं आणि मग ‘कोण फुटलं’ याच्या चर्चा पारावर रंगतात. पुण्यात एका बूथवर हजारभर मतदार असतात आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हेच ठाऊक नसतं. काही मुली नाव इकडे आणतात ते याच कारणासाठी. एकीने फॉर्मवर सही करता करता सांगितलं, ‘घरी मत मागत नाहीत हो, सांगतात.’

कंपनी म्हणते सुट्टी नाही, वर्क फ्रॉम होम घ्या.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब दाखवा. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा खासगी नोकरीतही हक्क आहे. काम पुण्यात आणि नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तरीही. ज्यांच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशांना अपवाद आहे. त्यांना निदान काही तास सोडायचं असतं.

मला गावाला जायला जमत नाही. ऑनलाइन किंवा पोस्टाने मत देता येईल?

नाही. टपाली मत सैनिक, निवडणूक ड्युटीवरचे कर्मचारी, ८५ च्या वरचे ज्येष्ठ, दिव्यांग अशांनाच आहे. दूर राहणाऱ्या मतदारांसाठीच्या एका यंत्राचा नमुना आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे ठेवला होता. पुढे काही झालं नाही.

आम्ही शास्त्री रस्त्यावर आंदोलनाला बसलो होतो. म्हणजे आम्ही राजकारण केलं का?

केलंत की. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली, तेव्हा हाच रस्ता भरला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्णनात्मक पॅटर्न लगेच नको म्हणून मुलं बसली आणि तो २०२५ वर गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवा पूर्व आणि बँकेची आयबीपीएस एकाच दिवशी आली, तेव्हा पुन्हा बसली आणि तारीख बदलून घेतली. तिन्ही वेळा मुलांनी लोकसेवा आयोगाला आणि सरकारला माघार घ्यायला लावली. दर वेळी ‘आम्ही कुठल्या पक्षाचे नाही’ असं ओरडून सांगितलं आणि दर वेळी सगळ्या पक्षांचे पुढारी भेटीला आले.

का आले? या मुलांच्या मागे गावाकडे चार-पाच मतांचं घर असतं म्हणून. ऑगस्टच्या त्या आंदोलनानंतर तीन महिन्यांत, २० नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान होतं.

मला यात बदललेलं दिसतं ते हे. आमच्या वेळी राजकारणात असणं म्हणजे एखाद्या भाऊंच्या मागे फिरणं, सतरंज्या उचलणं, गणपतीत वर्गणीची पावती फाडणं. आताची मुलं मुद्द्यापुरती एकत्र येतात : परीक्षेची तारीख, वेताळ टेकडीवरचा प्रस्तावित रस्ता, नदीकाठची झाडं. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडीसाठी जे मोर्चात चालले त्यांतल्या अनेकांनी कधी पक्षाचा झेंडा हातात घेतला नव्हता. मुद्दा संपला की ग्रुप म्यूट होतो. त्याचा तोटाही आहे. टेकडीचा प्रश्न पुन्हा स्थायी समितीत येतो तेव्हा ऐकणारं कोणी नसतं.

मग कॉलेजात निवडणुका का होत नाहीत?

हाणामाऱ्या आणि खुनापर्यंत गोष्टी गेल्या म्हणून १९९० च्या दशकात महाराष्ट्रात थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या पुन्हा आणल्या, पण कागदावरच. काही ना काही कारण निघून त्या पुढेच जात राहिल्या. परिणाम असा की ज्याने कधी वर्गाचा प्रतिनिधीही मत टाकून निवडला नाही, तो थेट खासदार निवडायला जातो.

मतदानाची रील टाकली तर केस होते का?

बाहेर येऊन शाईच्या बोटाचा फोटो खुशाल टाका. आत फोन न्यायचा नाही. खोलीवर ठेवून जा किंवा बाहेर जमा करण्याची सोय असेल तर तिथे द्या. यंत्रासमोरचा फोटो म्हणजे मताची गुप्तता तुम्हीच मोडणं.

उमेदवाराकडून पैसे घेऊन रील करत असाल तर तो त्याचा निवडणूक खर्च आहे आणि जाहिरातीला आधी प्रमाणपत्र लागतं. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. पुढारी बोलतोय असा बनावट व्हिडिओ आला तर तो पुढे ढकलू नका. लक्षात आणून दिल्यावर पक्षांनी असे व्हिडिओ तीन तासांत काढायचे, असं आयोगाने मे २०२४ मध्ये बजावलं आहे. पैसे वाटप दिसलं तर सी-व्हिजिल या आयोगाच्या तक्रारीच्या सोयीवर तिथल्या तिथे फोटो काढून पाठवा. १०० मिनिटांत कारवाईचा दावा असतो.

उमेदवाराची खरी माहिती कुठे मिळेल?

त्याच्या शपथपत्रात. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असतं आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते उघडता येतं. आधी जंगम मालमत्तेचं पान बघा, मग पाच वर्षांपूर्वीच्या शपथपत्रातलं तेच पान. टेबलावर बसलेल्या मुलांना हा खेळ फार आवडतो. एकदा दोघे जण चहा थंड होईपर्यंत एका उमेदवाराच्या तोळ्यांची बेरीज करत बसले होते.

मी एकवीसचा आहे. उभा राहू शकतो का?

नगरसेवकाला हो. आमदार-खासदाराला २५ लागतात. डिपॉझिट विधानसभेला १० हजार, लोकसभेला २५ हजार; अनुसूचित जाती-जमातींना निम्मं. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत, तेव्हा मुलींनो, हा प्रश्न तुम्हीही विचारायला हरकत नाही. आजवर मला तो एकाही मुलीने विचारलेला नाही.

टेबल पुन्हा कधी लावणार?

पात्रतेच्या चारही तारखांच्या आधीच्या रविवारी, सकाळी दहा ते एक. दोन फोटो आणा, मागे नाव लिहून. मागच्या वेळी एकाने हॉल तिकिटावरचा फोटो सोलून आणला होता, त्यावर अर्धा शिक्का तसाच होता. आणि स्वतःचं पेन आणा. माझी दोन्ही पेनं गेलीत.